पटावर सव्वीस, हजर सहा

मागच्या वर्षी जूनमध्ये आमच्या टीममधल्या पाच जणांना एकदम समाजसेवा सुचली. ऑफिसच्या मागच्या रस्त्याला एका टॉवरचं काम चालू होतं आणि तिथल्या मजुरांची मुलं दिवसभर वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळताना आमच्या कँटीनच्या खिडकीतून दिसायची. म्हटलं, दर शनिवारी सकाळी दोन तास यांना गणित आणि थोडं कॉम्प्युटर शिकवूया. ऑफिसने ट्रेनिंग रूम दिली, चार जुने लॅपटॉप दिले, बिस्किटांचे पुडे दिले. आम्ही सिलॅबस बनवला, रंगीत स्लाइड्स बनवल्या आणि अर्थातच एक्सेल शीट बनवली. इंजिनिअर माणसाला एक्सेल शीटशिवाय पुण्यसुद्धा करता येत नाही.

पहिल्या शनिवारी २६ मुलं आली. दुसऱ्या शनिवारी १९. तिसऱ्या शनिवारी ११ आणि चौथ्या शनिवारी ६. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी पाढ्यांमध्ये सगळ्यांच्या पुढे होती, ती तिसऱ्या शनिवारपासून आलीच नाही. सहाव्या आठवड्यात आम्ही गाशा गुंडाळला. वर रिपोर्ट द्यायचा होता, तो मीच लिहिला. 'क्लास बंद करण्याचे कारण' या रकान्यात मी लिहिलं : मुलांमध्ये शिकण्याची आवड कमी.

हे वाक्य लिहायला मला दहा सेकंदसुद्धा लागली नाहीत. आजचा लेख त्या दहा सेकंदांबद्दल आहे. पण त्यासाठी आधी शंभर वर्षं मागे जावं लागेल, भावनगरला.

*

अप्पा बळवंत चौकात फिरताना नॅशनल बुक ट्रस्टचं एक पातळसं पुस्तक हाती लागलं. नाव 'दिवास्वप्न', लेखक गिजुभाई बधेका. मूळ पुस्तक गुजराती, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीचं. एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर वाचायला घेतलं आणि संध्याकाळच्या चहाआधी संपलं.

गिजुभाई मूळचे शिक्षक नव्हेत, वकील. जन्म १८८५चा, सौराष्ट्रातल्या चित्तळ गावचा. १९०७ साली पैसे कमवायला पूर्व आफ्रिकेत गेले (म्हणजे तेव्हाचं 'ऑनसाइट' म्हणा ना!), परत येऊन मुंबईत कायदा शिकले आणि वढवाणला वकिली सुरू केली. १९१३ साली त्यांना मुलगा झाला. आता या मुलाला शिकवायचं कसं, हा प्रश्न त्यांना पडला. आपल्याकडे हा प्रश्न पडला की लोक प्ले-स्कूलच्या वेटिंग लिस्टमध्ये नाव टाकतात. गिजुभाई पुस्तकं वाचायला लागले. त्यात त्यांना मारिया माँटेसरी सापडल्या. या इटालियन डॉक्टरबाईंनी १९०७ साली रोममधल्या सॅन लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत बालगृह काढलं होतं आणि लहान मूल स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गतीने शिकतं असं दाखवून दिलं होतं.

भावनगरला नानाभाई भट्टांनी १९१० साली 'दक्षिणामूर्ती' हे विद्यार्थिभवन काढलं होतं. १९१६ साली गिजुभाई चालती वकिली सोडून तिथे दाखल झाले. १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केलं. त्या काळात शाळा म्हणजे छडी आणि घोकंपट्टी. त्या वातावरणात अडीच-तीन वर्षांच्या मुलांची शाळा काढायची आणि तिथे मारायचं नाही, रागवायचं नाही, बक्षिसाचं आमिषसुद्धा दाखवायचं नाही... लोकांनी वेड्यात काढलं असणार. पण मुलांना हा मिशीवाला माणूस इतका आवडला की पुढे गुजरातभर त्यांचं नाव पडलं 'मूछाळी मा'. मिशाळ आई!

'दिवास्वप्न' ही त्यांनी लिहिलेली एक काल्पनिक गोष्ट आहे, एका शिक्षकाने स्वतः सांगितलेली. हा शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि म्हणतो, मला एक वर्ग द्या, वर्षभर माझ्या पद्धतीने शिकवून बघतो. साहेब अनुभवी. ते म्हणतात, घ्या चौथीचा वर्ग, पण वर्षाच्या शेवटी परीक्षा आहे हे विसरू नका. आजच्या भाषेत सांगायचं तर पायलट प्रोजेक्ट मंजूर, पण डेडलाइन आणि डिलिव्हरेबल्स तेच.

आता गंमत बघा. पहिल्या दिवशी हा शिक्षक पुस्तकं वाचून, टिपणं काढून, जय्यत तयारीने वर्गात जातो. मुलांना म्हणतो, आपण शांततेचा खेळ खेळू. हा खेळ थेट माँटेसरीबाईंच्या पद्धतीतला. खिडक्या-दारं लावून सगळ्यांनी गप्प बसायचं आणि बारीक बारीक आवाज ऐकायचे. अंधार होताच पोरं चित्रविचित्र आवाज काढायला लागतात, एकमेकांना ढकलतात, वर्गाचा बाजार होतो. शेवटी हा मुलांना सुट्टी देऊन टाकतो आणि हेडमास्तरांची बोलणी खातो.

गिजुभाई ही गोष्ट स्वतः रचत होते. त्यांनी आपल्या नायकाला पहिल्याच दिवशी यशस्वी करून टाकलं असतं तर कुणी अडवलं होतं? पण तो पडतो. आणि रात्री घरी जाऊन तो मुलांबद्दल तक्रार लिहीत बसत नाही. आपली तयारी त्या वर्गासाठी नव्हतीच, हे त्याला कळतं. दुसऱ्या दिवशी तो वर्गात जातो आणि सरळ गोष्ट सांगायला बसतो. राजाची, राण्यांची, लांबच लांब गोष्ट. मुलं हलत नाहीत. सुट्टीची घंटा झाली तरी हलत नाहीत. काल जी शांतता खेळ म्हणून मागून मिळाली नव्हती, ती आज न मागता मिळते.

इथे एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. लहान मुलांना परीकथा-राजाराणीच्या गोष्टी सांगण्याच्या माँटेसरीबाई फारशा बाजूच्या नव्हत्या. गिजुभाईंनी मात्र गोष्टींवर एवढा भर दिला की गोष्ट कशी सांगावी यावरच 'वार्तानुं शास्त्र' नावाचं पुस्तक लिहिलं. ज्या बाईंना ते गुरू मानत, त्यांच्या पद्धतीतलंसुद्धा समोरच्या मुलांना काय चालतं ते बघून त्यांनी बदललं. आपल्याकडे एखाद्या फ्रेमवर्कचं डॉक्युमेंटेशन वाचून लोक त्याचे भक्त होतात, त्या पार्श्वभूमीवर हे मला फारच भारी वाटलं.

पुढे वर्षभर तो शिक्षक काय काय करतो! पाठ्यपुस्तकांसाठीच्या पैशांतून सगळ्यांनी तेच ते पुस्तक घेण्याऐवजी वेगवेगळी पुस्तकं आणून वर्गात वाचनालय करतो. मुलांची नखं, केस, शर्टाची तुटलेली बटणं यांच्याकडे बघतो. व्याकरणाचे खेळ करतो, नाटक बसवतो, मुलांना नदीवर नेतो. बाकीचे मास्तर हसतात. पालकांची सभा बोलावली तर फार थोडे येतात. आणि परीक्षेची तलवार शेवटपर्यंत डोक्यावर असतेच.

पुस्तक मिटल्यावर मला आमची ट्रेनिंग रूम आठवली. आमच्या स्लाइड्स म्हणजे आमचा शांततेचा खेळच होता की. फरक एवढाच, त्या शिक्षकाने दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगितली आणि आम्ही दुसऱ्या शनिवारी त्याच स्लाइड्स लावल्या.

पण 'दिवास्वप्न'मधला वर्ग निदान भरलेला होता. पोरं दंगा करायला का होईना, वर्गात होती. आमचा वर्ग रिकामा होत गेला. यावर त्या पुस्तकात उत्तर नाही. उत्तर सापडलं ते पुढच्या पिढीकडे, आणि तेही आपल्या महाराष्ट्रात.

*

बोर्डी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या डोळ्यांसमोर समुद्र, सुरूची झाडं आणि चिकू. घोलवड स्टेशनला उतरायचं, रिसॉर्ट गाठायचं, रविवारी चिकूची पेटी घेऊन परत. मी दोनदा जाऊन आलोय. तिथून थोडं आत कोसबाडची टेकडी आहे, आणि त्या टेकडीवर देशाच्या शिक्षणाच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण घडलं, हे मला दोन्ही वेळा ठाऊक नव्हतं.

ताराबाई मोडक मुंबईच्या, जन्म १८९२चा. १९१४ साली बी.ए. झाल्या, त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. संसार टिकला नाही, तेव्हा लहान मुलीला घेऊन त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. राजकोटला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. १९२३ साली ते मानाचं पद सोडून त्या भावनगरला गिजुभाईंच्या बालमंदिरात आल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे त्या मुंबईला परतल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं. शाळा उत्तम चालली. शिक्षकांचं प्रशिक्षण, 'शिक्षणपत्रिका' हे मासिक, सगळं मार्गी लागलं.

जून १९३९ मध्ये गिजुभाई गेले, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. त्याच वर्षी नोव्हेंबरात माँटेसरीबाई भारतात मद्रासला आल्या. पाच महिन्यांची चुकामूक!

आता ताराबाईंनी दादरलाच आयुष्य काढलं असतं तरी त्यांचं नाव झालंच असतं. पण एक गोष्ट त्यांना टोचत होती. ही सगळी सुंदर पद्धत शहरातल्या, फी भरू शकणाऱ्या घरांपुरतीच राहत होती. माँटेसरीची साधनं महाग. आणि ती पद्धत जन्माला आली होती रोमच्या गरीब वस्तीत! म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं.

त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. जन्म १९१०, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळच्या हिशेबाने आयुष्य तिथेच संपायचं. या बाई शिकल्या, प्राथमिक शिक्षिका झाल्या, खेड्यात शिकवलं, मग पुण्यात हुजूरपागेत नोकरी केली, नोकरी करता करता रात्रशाळेत जाऊन पुढचं शिकल्या. पदवी घेतली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. बोर्डीला आल्या तेव्हा वय पस्तीस. एक वर्ष राहून बघू, असं म्हणत नाहीत का लोक, तशा त्या आल्या नाहीत. १९९२ साली त्यांचं निधन झालं, तोपर्यंत त्या याच कामात होत्या.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. साधनं इटलीची नव्हेत. समुद्रावरचे शिंपले, चिंचोके, पानं, काड्या, दगड, माती. मोजायला शिंपले, लावायला पानं लहानमोठी, गिरवायला ओली वाळू. खर्च जवळजवळ शून्य.

पण गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात.

*

इथे थोडं थांबून त्या भागात तेव्हा काय चाललं होतं ते सांगायला हवं, नाहीतर 'येईनात' हा शब्द पोकळ वाटेल.

डहाणू, तलासरी, उंबरगाव हा सगळा वारली आदिवासींचा पट्टा. जमिनी जमीनदार-सावकारांच्या हातात गेलेल्या. वारल्यांना वेठीला जावं लागे, म्हणजे मजुरी न घेता मालकाचं काम करायचं. लग्नासाठी कर्ज घेतलं तर ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी मालकाकडे राबायचं, त्याला नाव होतं 'लग्नगडी'. आणि कर्ज फिटत नसे. १९४५ सालीच, म्हणजे ताराबाईंनी बोर्डीत काम सुरू केलं त्याच वर्षी, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी या वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरीबाईंनी पुढे त्यावर 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं. वाचलं नसेल तर जरूर वाचा.

अशा घरातलं सहा-सात वर्षांचं पोर म्हणजे काय? घरातला कमावता माणूस. मुलगा असेल तर गुरं राखतो. मुलगी असेल तर धाकटी भावंडं सांभाळते, कारण आई-बाप दोघंही कामावर. बरं, शाळेतली भाषा पुस्तकी मराठी, घरातली वारली. तिथे 'शाळेचे फायदे' सांगणारं भाषण देऊन काय होणार?

सरकारी दप्तरात अशा वेळी एक ठरलेला शेरा असतो : पालकांची अनास्था. हा शेरा लिहिला की काम संपतं, फाइल बंद होते. आमच्या धंद्यातही हे आहेच. नवीन ॲप कुणी वापरलं नाही की पहिलं वाक्य येतं, युजरला कळत नाही. चांगला टेस्टर त्यावर विचारतो, युजर नेमका कुठल्या स्क्रीनवर थांबला? तिथून पुढे का गेला नाही?

ताराबाई आणि अनुताई यांनी नेमकं हेच विचारलं, आणि एकेका उत्तरातून एकेक नवी गोष्ट उभी राहिली.

पहिलं उत्तर : मुलं लांबच्या बालवाडीपर्यंत येत नाहीत. मग बालवाडीच वस्तीत जाईल. कुणाच्या तरी अंगणात शिक्षिका जाणार, पोरं गोळा करणार, त्यांची तोंडं धुणार, केस विंचरणार, गाणी म्हणणार, गोष्टी सांगणार. एक मध्यवर्ती बालवाडी आणि बाकी अंगणात भरणाऱ्या बालवाड्या. त्यांचं नाव अंगणवाडी. हो, तोच शब्द, जो आज आपण सरकारी पाटीवर वाचतो.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात काम बोर्डीहून आत कोसबाडच्या टेकडीवर गेलं, थेट वारली पाड्यांमध्ये. तिथे प्रश्न आणखी अवघड.

दुसरं उत्तर : मुलं गुरांमागे जातात. त्यांना गुरं सोडायला सांगणं म्हणजे घरातली भाकरी काढून घेणं. मग शिक्षिकाच सामान घेऊन कुरणात जायच्या. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली शिकताहेत. याला नाव कुरणशाळा. ज्यांना दिवसा जमतच नाही त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग.

तिसरं उत्तर : मोठ्या मुली येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर लहान भावंडं असतात. मग शाळेला लागूनच पाळणाघर. तान्ही मुलं पाळण्यात, तीन ते सहा वर्षांची बालवाडीत, मोठी प्राथमिक शाळेत, सगळं एकाच आवारात. याला त्यांनी विकासवाडी म्हटलं. मोठ्या बहिणीला शिकता यावं म्हणून तान्ह्या भावासकट तिला शाळेत घ्यायचं.

हे वाचलं आणि मी पुस्तक खाली ठेवलं.

सुरुवातीला सांगितलेली ती मुलगी, पाढ्यांत पुढे असलेली. ती पहिल्या शनिवारी आली तेव्हा तिच्या कडेवर वर्षभराचा भाऊ होता. तो झोपून राहिला. दुसऱ्या शनिवारी तो रडायला लागला, मग लॅपटॉपच्या वायरी ओढायला लागला. मी तिला बाजूला घेतलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "बेटा, पुढच्या वेळी याला घरी ठेवून ये हं, सगळ्यांना डिस्टर्ब होतं." तिने मान हलवली. बिस्किटांचा पुडा घेतला आणि गेली.

तिचं घर म्हणजे एक पत्र्याची खोली. शनिवारी आई-बाप दोघंही कामावर. भावाला ती कुणाकडे ठेवणार होती? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. एक्सेल शीटमध्ये तिच्या नावापुढे मी 'गैरहजर' लिहीत राहिलो आणि शेवटी रिपोर्टमध्ये लिहिलं, आवड कमी.

*

आता दुसरी बाजूही बघायला हवी. नाहीतर हा लेख आरती होऊन बसेल.

अंगणवाडीने वेठबिगारी संपली का? नाही. ती संपायला वारल्यांना लाल बावट्याखाली एकत्र यावं लागलं, गोळ्या खाव्या लागल्या. शाळा कितीही प्रेमळ असली तरी जमीन परत मिळवून देत नाही. कुरणशाळेवर एक आक्षेपही घेता येतो : मुलाने गुरं राखणं तुम्ही मान्यच केलंत ना? मुलाच्या हातून काम काढून घेण्यासाठी लढायचं की ते काम धरून शिकवायचं? मला वाटतं दोन्ही लागतं. लढा जिंकेपर्यंत दहा वर्षं जातात, आणि आज सहा वर्षांचं असलेलं मूल तोवर सोळा वर्षांचं होतं. त्याला तोवर कुणीतरी गोष्ट सांगायला हवीच की.

दुसरा प्रश्न, आम्हा आयटीवाल्यांचा आवडता : हे स्केल होतं का?

झालं. एका अर्थाने प्रचंड झालं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली, ३३ प्रकल्पांपासून. तिच्या केंद्रांचं नाव अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या अंगणांतला एक मराठी शब्द पार आसामपासून केरळपर्यंत पोचला. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, १९७३ साली त्या गेल्या, म्हणजे हे बघायला त्या नव्हत्या. अनुताईंनी ते पाहिलं. त्यांना पद्मश्री मिळाली.

पण शब्द पोचला तेवढं सगळंच पोचलं का? आजची अंगणवाडी सेविका पोषण आहार बघते, मुलांची वजनं घेते, लसीकरणाला मदत करते, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवते, ॲपमध्ये माहिती भरते. हे सगळं फार मोलाचं आहे, कुपोषित मुलाला गाणी ऐकवून काय उपयोग? पण एवढं झाल्यावर गोष्ट सांगायला तिच्याकडे किती वेळ उरतो? आणि एवढ्या कामाला तिला पगार नाही, मिळतं ते 'मानधन'. मानधन वाढावं म्हणून या बायकांना वारंवार मोर्चे काढावे लागले आहेत. ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर आपण त्याच मोर्चाला शिव्या घालतो. मीही घातल्या आहेत.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली आला, पण तो ६ ते १४ वर्षांपुरता. त्याआधीची वर्षं हक्काच्या बाहेर राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा 'पायाभूत' टप्पा मानला. म्हणजे भावनगरच्या बालमंदिराने १९२० साली जे वय महत्त्वाचं मानलं, ते धोरणाच्या कागदावर या रूपात यायला बरोबर शंभर वर्षं लागली. कागदावरून अंगणात यायला किती लागतील, ते बघू.

मला या तिघांच्या कामातलं सगळ्यात कमी स्केल झालेलं काय वाटतं, सांगू? पद्धत स्केल झाली, शब्द स्केल झाला, योजना स्केल झाली. 'मूल का आलं नाही?' हे विचारायची सवय तेवढी पोचली नाही. त्या सवयीला बजेट लागत नाही, पण त्यासाठी आधी आपलं चुकलं असेल हे कबूल करावं लागतं. गिजुभाईंनी ते गोष्टीतल्या शिक्षकाकडून पहिल्याच दिवशी करून घेतलं. ताराबाई-अनुताईंनी ते अंगणात, कुरणात, पाळणाघरात पुन्हा पुन्हा केलं. आपल्याकडे हजेरीपट असतो तो मुलाची गैरहजेरी मोजायला. शाळा मुलाच्या आयुष्यातून किती गैरहजर आहे, हे मोजायला कुठलाच रकाना नसतो.

*

डिसेंबरमध्ये आम्ही पुन्हा त्या साइटवर गेलो. पाचातले तिघेच. यावेळी लॅपटॉप नेले नाहीत. आधी मुलांच्या आयांना विचारलं, तुम्हाला कधी जमेल? एक बाई म्हणाली, "शनिवार नको दादा, कामाचा दिस असतो. सांजचं पाणी येतं, तवा तर नकोच. रविवारी दुपारी या." एवढं सोपं होतं. जूनमध्ये हे विचारायला पाच इंजिनिअरांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

त्या मुलीबद्दल विचारलं. दिवाळीच्या आधीच ते कुटुंब दुसऱ्या साइटवर गेलं होतं. कुठे, ते कुणालाच सांगता आलं नाही. म्हणजे तिची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

जानेवारीपासून दर रविवारी दुपारी पाण्याच्या टाकीच्या सावलीत ताडपत्री टाकून बसतो. तिघांपैकी एक जण पाळीपाळीने फक्त तान्ह्या पोरांकडे बघतो. या रविवारी माझी पाळी होती, दीड तासात शर्टाचा पार नकाशा झाला. :) पाढे शिंपल्यांऐवजी खडीवर होतात, खडीला तिथे तोटा नाही. सुरुवात नेहमी गोष्टीने. सव्वीस मुलं पुन्हा कधी जमली नाहीत. कधी चौदा, कधी नऊ, एकदा सतरा. कुटुंबं येतात-जातात, आज 'क' शिकलेलं पोर पुढच्या महिन्यात भलत्याच शहरात असतं. यातून काय साध्य होतंय, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

एक्सेल शीट मात्र अजून आहे. (सवय जाते का?) त्यात 'हजर / गैरहजर'च्या पुढे आम्ही आणखी एक रकाना घातलाय : 'का नाही आलं?' नियम असा की त्यात 'आवड नाही' लिहायचं नाही, घरी जाऊन विचारून यायचं आणि जे कळेल तेच लिहायचं. मागच्या रविवारच्या नोंदी : 'आईला ताप', 'चप्पल तुटली', 'भाऊ रडत होता म्हणून रस्त्यातून परत गेली'.

तिसरी नोंद वाचली आणि पुढच्या रविवारी घरून एक जुनी साडी न्यायची ठरवली. टाकीच्या लोखंडी खांबांना झोळी चांगली बांधता येईल.